स्पीकर लावूनही मागच्या बाकावर शब्द कळत नाहीत: दोष कुठे शोधायचा?

वर्गात स्पीकर बसतो, कॉलर माइक येतो, सुरुवातीला सगळे खूश असतात. मग एकेक तक्रार परत यायला लागते. मागची मुलं पुन्हा शेजारच्याच्या वहीत डोकावतात. शिकवणाऱ्यांचा घसा दिवस संपेपर्यंत बसलेलाच असतो. मधूनच स्पीकर शिट्टी मारतो, पलीकडच्या वर्गातून ‘जरा आवाज कमी करा’ असा निरोप येतो आणि एक दिवस माइक कपाटात जातो तो कायमचा. पुढच्या वर्षी कोणीतरी आणखी मोठा स्पीकर आणायचं सुचवतं.

मी वर्गखोल्यांमधल्या आवाजाच्या तक्रारी सोडवण्याचं काम करते आणि ही तक्रार मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळते. यंत्र बिघडलंय असं फार थोड्या वेळा निघतं. बहुतेक वेळा खोली स्वतःच गोंगाट करत असते किंवा घुमत असते, आणि त्या खोलीत आवाज मोठा केला की गोंगाट न् घुमारा दोन्ही तसेच राहून वर आणखी एक आवाज येऊन पडतो. म्हणून खाली दिलेला क्रम कृपा करून बदलू नका: आधी खोलीतला गोंगाट, मग खोलीचं घुमणं, आणि मगच माइक-स्पीकर.

आधी दोष कुठला ते ओळखा

यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. लागतात ती जवळजवळच्या उच्चारांची दहा-बारा शब्दांची यादी आणि मुलांच्या वह्या. यादीत ताट-थाट, साल-शाल, पाच-पास, कडी-खडी, वात-वाट अशा जोड्यांमधले शब्द मिसळून घ्या. तोंडासमोर पातळ कापड धरा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत आणि आवाजही अडणार नाही. रोजच्याच आवाजात, फळ्याजवळ उभं राहून, एकेक शब्द एकदाच वाचा. मुलांनी लिहायचं. हे दोनदा करा: एकदा वर्ग नेहमी जसा असतो तसा, पंखे चालू, खिडक्या-दारं नेहमीसारखी, आणि एकदा पंखे, एसी, प्रोजेक्टर सगळं बंद करून, दारं लावून, शब्दांचा क्रम बदलून. स्पीकर दोन्ही वेळा बंद ठेवा.

एका वर्गातली शेवटच्या रांगेतल्या मुलीची वही माझ्या चांगली लक्षात आहे. पंखे चालू असताना तिने ‘थाट’च्या जागी ‘ताट’, ‘शाल’च्या जागी ‘साल’ आणि ‘खडी’च्या जागी ‘कडी’ लिहिलं होतं. स्वर एकही चुकला नव्हता. पंखे बंद करून घेतलेल्या फेरीत तिचे जवळजवळ सगळे शब्द बरोबर आले. तोपर्यंत तिच्या प्रगतिपुस्तकात ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असा शेरा होता. लक्ष ती देतच होती. ‘थ’मधला श्वासाचा झोत तिच्या बाकापर्यंत पोहोचतच नव्हता.

याचं कारण सरळ आहे. स्वर जोरकस असतात, लांब असतात आणि खालच्या पट्टीत असतात. व्यंजनं, त्यातही स, श, च, त, थ, ख, फ यांसारखी, क्षीण असतात, क्षणभर टिकतात आणि त्यांची ओळख पटवणारा भाग वरच्या पट्टीत असतो. गोंगाट त्यांना झाकतो, आणि घुमणाऱ्या खोलीत आधीच्या स्वराची शेपटी त्यांच्यावर येऊन पडते. मोठ्या माणसाला ‘...डी घाल रस्त्यावर’ एवढं ऐकू आलं तरी तो ‘खडी’ हा शब्द मनात भरून घेतो, कारण तो त्याला आधीपासून ठाऊक असतो. सात वर्षांचं मूल तो शब्द आजच शिकत असतं. शिवाय गोंगाटातून बोलणं निवडून ऐकण्याची क्षमता पौगंडावस्थेपर्यंत हळूहळू पक्की होत जाते. त्यामुळे मुख्याध्यापकांनी मागच्या बाकावर बसून ‘मला तर नीट ऐकू येतंय’ असं म्हणणं हा पुरावा धरता येत नाही. जी मुलं घरी वेगळी भाषा बोलतात त्यांची अवस्था याहून अवघड असते.

वह्या पाहून निष्कर्ष असा काढायचा. शांत फेरीत मागच्या रांगा सुधारल्या तर मुख्य दोष गोंगाटाचा. दोन्ही फेऱ्यांत पुढच्या रांगा बरोबर आणि मागच्या चूक असतील तर खोली घुमतेय. दोन्ही थोडं थोडं हे सगळ्यात नेहमीचं उत्तर. आणि एखादं मूल पुढे बसवूनही, शांततेतही चुकत असेल तर प्रश्न खोलीचा नाही, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

घुमण्याची झटपट खात्री करायची तर रिकाम्या वर्गात मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीनंतर आवाजाची शेपूट रेंगाळली, किंवा समोरासमोरच्या भिंतींमध्ये ‘टर्रर्र’ असा थरथरता आवाज आला, तर काम निघालं म्हणून समजा.

खोलीतला गोंगाट

अमेरिकेचं वर्गखोल्यांसाठीचं मानक, आन्सी एस १२.६०, पहिल्यांदा 2002 मध्ये आलं आणि 2010 मध्ये सुधारलं गेलं. नेहमीच्या आकाराच्या वर्गात, म्हणजे 283 घनमीटरपर्यंत, मुलं नसताना पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलच्या वर नसावा आणि घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो खोलीत विरून जायला लागणारा वेळ, 0.6 सेकंदाच्या आत असावा असं ते सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये वर्गांसाठी दिलेले आकडेही हेच, 35 आणि 0.6. या दोन आकड्यांइतकाच तिसरा महत्त्वाचा आहे: शिकवणाऱ्याचा आवाज मुलाच्या कानाशी गोंगाटापेक्षा किमान 15 डेसिबल वर असावा.

आता हिशेब करून बघा. साध्या बोलण्याचा आवाज एक मीटरवर साधारण 60 डेसिबल असतो, थोडा चढवून बोललं तर 65 च्या आसपास. मागच्या बाकापर्यंत जाता जाता तो काही डेसिबलने उतरतो. पंखे, रस्ता आणि मुलांची चुळबुळ मिळून तिथे 55 झाले असतील तर 15 चं अंतर उरतंच कुठे? आणि गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी 1911 मध्ये हे नोंदवलं आणि त्यांच्याच नावाने तो परिणाम ओळखला जातो. शिक्षक आवाज चढवतात, म्हणून गटात काम करणारी मुलं आवाज चढवतात, म्हणून शिक्षक आणखी चढवतात. आवाज बसण्याच्या तक्रारी शिक्षकांमध्ये इतर पेशांपेक्षा जास्त आढळतात त्यामागे हे चक्र मोठं कारण आहे.

गोंगाट कमी करताना एक नियम फार उपयोगी पडतो: सगळ्यात मोठा स्रोत आधी. दोन आवाजांमध्ये दहा डेसिबलचा फरक असेल तर लहान आवाज बंद करून एकूण मोजमापात जेमतेम अर्ध्या डेसिबलचा फरक पडतो. त्यामुळे खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या लावण्यात आठवडा घालवायचा आणि डोक्यावरचा खडखडणारा पंखा तसाच ठेवायचा, याने काही हाती लागत नाही. फोनवरचं डेसिबल दाखवणारं ॲप अचूक आकड्यासाठी भरवशाचं नसतं, पण एकाच फोनने, एकाच जागेवरून, ‘हे चालू’ आणि ‘हे बंद’ अशी तुलना करायला ते पुरतं. एकेक गोष्ट बंद करत जा, मोठा चोर लगेच सापडतो.

पंख्याचा आवाज बहुतेक वेळा हवेचा नसतो. घासलेलं बेअरिंग, एकमेकींशी समतोल नसलेली पाती, सैल झालेला वरचा वाडगा किंवा विशिष्ट वेगावर गुणगुणणारा रेग्युलेटर, यांपैकी काहीतरी असतं, आणि ते दुरुस्त होतं. एसीची जाळी साफ केली की आवाज उतरल्याचं पुष्कळदा दिसतं. प्रोजेक्टर थेट मुलांच्या डोक्यावर असेल तर वापर नसताना तो बंद ठेवण्याची सवय लावावी. स्टँडबायमध्ये त्याचा पंखा फिरतच राहतो असं बरेचदा होतं. बाक-खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या हा छोटा खर्च आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या वर्गात त्या लावल्या तर खालच्या वर्गाचं भलं होतं.

दारांकडे मात्र जास्त वेळ द्या. भिंत कितीही जाड असली तरी तिच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का फट उघडी असली तर ती भिंत साधारण 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. दाराखालची बोटभर फट, दारावरचा उघडा झरोका, दोन वर्गांमध्ये छतापर्यंत न पोहोचलेली अर्धी भिंत, यांतून पलीकडचे पाढे जसेच्या तसे इकडे येतात. दाराच्या कडांना रबरी पट्टी आणि खाली झाडूसारखी पट्टी लावली की फरक त्याच दिवशी कळतो. अर्थात फटी बुजवताना हवेची सोय बघावी लागते. कोंदट वर्गात मुलं पेंगतात, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवायच्याच असतील तर गोंगाटाच्या बाजूच्या बंद आणि शांत बाजूच्या उघड्या, असा पर्याय आधी बघा.

बाहेरचा आवाज शाळेच्या हातात नसतो असं ऐकायला मिळतं, त्यावर एक खरं उदाहरण सांगते. न्यूयॉर्कमध्ये मॅनहटनच्या उत्तर भागातल्या एका सरकारी शाळेच्या एका बाजूने उन्नत रेल्वेमार्ग जात होता. मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि त्यांचे सहकारी मॅकार्थी यांनी 1975 मध्ये दाखवलं, की रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुलं त्याच शाळेतल्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती. नंतर रुळांखाली रबराचे थर बसवले गेले आणि वर्गांत आवाज शोषणारी छतं आली. ब्रॉन्झाफ्ट यांनी 1981 मध्ये पुन्हा तपासलं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांमधलं अंतर मिटलेलं होतं. इमारत तीच होती आणि अभ्यासक्रमही काही वेगळा झाला नव्हता. तिथे स्पीकर लावून भागवलं नाही, आवाज उगमाशीच कमी केला, हे मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं.

खोलीचं घुमणं

इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण स्पीकर अपयशी होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा इथे असतं.

हार्वर्ड विद्यापीठात 1895 साली फॉग कला संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं की तिथे बोललेलं कोणालाच कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं गेलं. त्याने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, खोलीत थोड्या थोड्या ठेवत गेला आणि प्रत्येक वेळी ऑर्गनच्या नळीचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत गेला. रिकाम्या खोलीत तो वेळ साडेपाच सेकंदांच्या आसपास होता. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही आपण वापरतो: घुमण्याचा काळ म्हणजे खोलीचं घनफळ गुणिले 0.161, भागिले खोलीतलं एकूण शोषण. हे शोषण चौरस मीटरमध्ये मोजतात: सगळा आवाज गिळणारा किती मोठा पृष्ठभाग तेवढंच काम करेल, या हिशेबाने.

हे आपल्या वर्गाला लावू. समजा खोली 9 मीटर लांब, 7 मीटर रुंद आणि 3.2 मीटर उंच आहे. घनफळ झालं सुमारे 202 घनमीटर. गुळगुळीत प्लास्टर, फरशी, काच, लाकडी बाकं हे सगळं मिळून शोषण फार तर 12 चौरस मीटरइतकं धरा. उत्तर येतं जवळपास 2.7 सेकंद. चाळीस मुलं बसली की त्यांचे कपडे आणि शरीरं आणखी सुमारे 12 चौरस मीटरचं शोषण देतात, तरी 1.35 सेकंद उरतातच. आता 63 चौरस मीटरच्या छताला 0.7 इतकं शोषण करणाऱ्या, म्हणजे आपटलेल्या आवाजातला सत्तर टक्के गिळणाऱ्या, टाइल्स लावल्या तर रिकामी खोलीसुद्धा 0.58 सेकंदावर येते, म्हणजे मानकाच्या आत. दुसरं काहीही न करता, केवळ छताने.

याच खोलीत, टाइल्स लावण्यापूर्वी, शिक्षकांपासून जेमतेम एक मीटरवरच खोलीत फिरत राहिलेला आवाज थेट येणाऱ्या आवाजाच्या बरोबरीला येतो. त्यापलीकडच्या प्रत्येक मुलाकडे थेट आवाजापेक्षा भिंतींवरून आपटून आलेला आवाज जास्त जातो. आणि आता ध्यानात घ्या की तुम्ही फळ्यावरच्या कोपऱ्यात एक मोठा स्पीकर लावून त्याचा आवाज वाढवलात. थेट आवाज वाढला, आपटलेला आवाजही तेवढाच वाढला. दोघांचं प्रमाण जिथल्या तिथे. मूल म्हणतं, ‘बाई, आवाज मोठा येतो पण काय म्हणता ते कळत नाही,’ तेव्हा ते अगदी नेमकं निदान सांगत असतं. त्याच्यावर विश्वास ठेवा.

सगळं छत करणं शक्य नसेल तर अर्ध्यात भागवता येतं, पण कुठलं अर्धं ते महत्त्वाचं आहे. पहिल्या आवाजानंतर साधारण 50 मिलिसेकंदांच्या आत आलेलं परावर्तन कान मूळ आवाजातच जमा करतो आणि त्याने शब्द ठळक होतो. त्यानंतर येणारं परावर्तन पुढच्या शब्दावर चढतं. फळ्याजवळून निघून छताच्या मधल्या भागावर आपटून मागे जाणारा आवाज लवकर पोहोचतो, म्हणून तो भाग टणक राहू द्या. छताच्या कडेकडेने आणि मागच्या भिंतीच्या वरच्या भागात शोषण लावा. मागची भिंत सोडू नका. पुढे उभ्या असलेल्या शिक्षकांचा आवाज तिच्यावरच आपटून पुन्हा पुढे येतो. समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकीवर जाड सूचनाफलक आला तर टाळीनंतरची थरथर थांबते.

साहित्याबद्दल गैरसमज खूप आहेत. अंड्यांचे ट्रे भिंतीवर लावल्याने वर्गाचा घुमारा जात नाही. वरची पट्टी किंचित मऊ होते, बाकी सगळं तसंच. थर्माकोलची छिद्रं बंद असतात, हवा आत शिरत नाही, त्यामुळे तो उष्णता अडवतो, आवाज शोषत नाही. पातळ पडदा दिसतो छान, उपयोग नगण्य. जाड, चुण्या घातलेला आणि भिंतीपासून वीतभर पुढे टांगलेला पडदा मात्र खरंच काम करतो. आवाज शोषायला सच्छिद्र आणि पुरेसा जाड थर लागतो: ग्लासवुल किंवा रॉकवुलचा (काचेच्या किंवा दगडाच्या धाग्यांच्या लोकरीचा) कापडाने मढवलेला फलक, मिनरल फायबरच्या टाइल्स, लाकडाच्या धाग्यांचे फलक. दोन इंची फलक भिंतीला चिकटवण्याऐवजी मागे दोन इंच पोकळी सोडून लावला तर खालच्या पट्टीचा आवाजही बराच शोषला जातो. काहीही लावा, ते आग न पकडणारं असल्याचं प्रमाणपत्र मागितल्याशिवाय लावू नका. स्वस्त फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. मुलांच्या खोलीत ती जोखीम कुठल्याही फायद्यासाठी घेण्यासारखी नाही.

आणि हा दोष परत का उद्भवतो, त्याचं एक कारण सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही: रंगकाम. सुट्टीत शाळा रंगवली जाते, रंगारी छताच्या टाइल्सवरही रोलर फिरवतो, छिद्रं बुजतात आणि सुट्टीपर्यंत बरा असलेला वर्ग पुन्हा घुमायला लागतो. रंगकामाच्या यादीत ‘छताच्या टाइल्स आणि भिंतीवरचे फलक वगळून’ असं ठळक लिहून घ्या.

आता माइक आणि स्पीकर

गोंगाट आणि घुमारा आटोक्यात आल्यावरही शिक्षकांचा आवाज दिवसभर सगळीकडे सारखा पोहोचावा यासाठी ध्वनिवर्धक खूप उपयोगी ठरतो. मूळ आवाजात पाच ते दहा डेसिबलची भर पुरते. वर्गात स्पीकर चालू आहे हे कोणाच्या लक्षातही येऊ नये, पण बंद केला की मागची मुलं लगेच माना वर करतील, इतपत पातळी बरोबर.

शिट्टी वाजते ती माइक स्पीकरचंच ऐकतो म्हणून. पहिला उपाय व्हॉल्यूम कमी करण्याचा नसून माइक तोंडाजवळ आणण्याचा आहे. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की माइकमध्ये आवाज सहा डेसिबलने वाढतो, मग यंत्राचा गेन, म्हणजे माइकचा आवाज यंत्र किती वाढवतं ते, तेवढाच खाली आणता येतो आणि शिट्टी थांबते. म्हणूनच शर्टाच्या दुसऱ्या बटणाला लावलेल्या माइकपेक्षा गालाजवळ येणारा हेडसेट माइक वर्गात जास्त चांगला चालतो. फळ्याकडे मान वळवली तरी अंतर बदलत नाही. कॉलर माइकच वापरायचा असेल तर हनुवटीखाली वीतभर अंतरावर, मधोमध, आणि गळ्यातली साखळी किंवा ओळखपत्राची दोरी त्याच्यावर घासणार नाही असा लावा. ती खरखर मुलांना शब्दांइतकीच मोठी ऐकू येते. तरीही एका ठरावीक जागी गेल्यावरच शिट्टी येत असेल तर शिक्षक त्या जागी स्पीकरच्या तोंडासमोर येत आहेत. स्पीकर हलवा, शिक्षकांना हलवू नका. त्यांनी वर्गभर फिरलंच पाहिजे.

आवाज घोगरा, गुदमरल्यासारखा येतो तेव्हा बेसचं बटण बघा. गाणी ऐकण्यासाठी केलेल्या स्पीकरमध्ये बेस मुद्दाम फुगवलेला असतो, आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवला की तो आणखी फुगतो. बोलण्यासाठी 150 हर्ट्झच्या खालचं जवळजवळ सगळं काढून टाकता येतं. बेस उतरवा, ट्रेबल थोडं चढवा आणि ‘इको’ किंवा ‘रिव्हर्ब’ असं बटण असेल तर ते शून्यावर आणून चिकटपट्टी लावून टाका. ते बटण चालू राहिलेलं मी कितीतरी वर्गांत पाहिलं आहे.

एक मोठा स्पीकर पुढे लावण्यापेक्षा चार लहान स्पीकर छतात किंवा बाजूच्या भिंतींवर वाटून लावावेत. मग प्रत्येक मुलापासून कुठला तरी स्पीकर जवळ असतो, सगळ्यांचाच आवाज कमी ठेवता येतो, आणि पलीकडच्या वर्गाची तक्रारही बहुतेक वेळा आपोआप मिटते. ती मिटली नाही तर मागे सांगितलेल्या दाराच्या फटी पुन्हा तपासा.

ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो असं वाटत असेल तर साखळीत कुठेतरी ब्लूटूथ आहे. साध्या ब्लूटूथला शंभर ते दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. गाण्याला चालतं, इथे मात्र शिक्षकांचा खरा आवाज आणि स्पीकरचा आवाज असे दोन वेगवेगळे येतात आणि 50 मिलिसेकंदांची मर्यादा कधीच ओलांडलेली असते. पोर्टेबल ब्लूटूथ स्पीकर वर्गासाठी आणला असेल तर तो वायरने जोडून पाहा, नाहीतर बोलण्यासाठीच बनवलेला वायरलेस माइक घ्या.

शेजारच्या वर्गातल्या सरांचा आवाज तुमच्या स्पीकरमधून आला तर दोन्ही संच एकाच चॅनेलवर आहेत. प्रत्येक वर्गाचा चॅनेल ठरवून माइकवर आणि रिसीव्हरवर एकाच रंगाचं स्टिकर लावा. माइकचा आवाज अदृश्य प्रकाशाने पाठवणाऱ्या इन्फ्रारेड संचाचे किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही, पण थेट ऊन पडणाऱ्या खोलीत त्यांना अडथळा होतो. आवाज तुटक येणं, मधेच जाणं, दुपारनंतर फाटणं यामागे नव्वद टक्के वेळा म्हणावं इतकी बॅटरीच असते. माइक रोज शाळा सुटताना चार्जिंगला लावायचं काम एका ठरलेल्या माणसाकडे नसेल तर ते कोणीच करत नाही.

वापराच्याही दोन सवयी आहेत. एखाद्या मुलाशी खासगी बोलताना माइक म्यूट करायचा. वर्गभर ऐकू गेलेली समज मुलाला खोल लागते. आणि मुलांची उत्तरंही सगळ्यांना ऐकू गेली पाहिजेत. पुढच्या बाकावरची मुलगी पुटपुटत उत्तर देते, सर ‘बरोबर’ म्हणतात, आणि मागच्यांना नुसतं ‘बरोबर’ ऐकू येतं. दुसरा हातातला माइक फिरवता आला तर उत्तम, नाहीतर प्रत्येक उत्तर शिक्षकांनी पुन्हा म्हणायचं. लाजरी मुलं माइक हातात आल्यावर बोलायला लागतात, हे पाहून मला दरवेळी मनापासून आनंद होतो.

एकट्या मुलाला ऐकू येत नसेल तर

पुढे बसवून, पंखे बंद करूनही एखादं मूल चुकत असेल तर कानाची तपासणी करून घ्या, आणि तीही लवकर. लहान मुलांमध्ये सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साचतो, तो कधी महिनोन्‌महिने राहतो, दुखत नाही, आणि ऐकणं कधी बरं कधी वाईट होत राहतं. अशी मुलं ‘मनात असलं की ऐकतो’ म्हणून बोलणी खातात. एकाच कानाने कमी ऐकणारं मूल शांत घरात ठीक वागतं आणि वर्गात हरवतं, म्हणून घरच्यांना कळतच नाही. पालकांना चिठ्ठी देताना ‘लक्ष देत नाही’ असं न लिहिता वह्यांत काय दिसलं ते लिहा. ऑडिओलॉजिस्टलाही, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञालाही, ते उपयोगी पडतं.

श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं साधन) असलेल्या मुलाला वर्गाचा स्पीकर पुरेसा होत नाही. त्याला शिक्षकांच्या माइकमधला आवाज थेट यंत्रात देणारा रिमोट माइक लागतो. वर्गाच्या संचाला ऑडिओ आउट, म्हणजे आवाज बाहेर देणारी जोडणी, असेल तर तो त्यातूनच जोडता येतो आणि शिक्षकांना गळ्यात दोन माइक अडकवावे लागत नाहीत. रोज पहिल्या तासाआधी, मुलाची पाठ आपल्याकडे असताना, कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातले तज्ज्ञ डॅनिएल लिंग यांच्या चाचणीतले सहा आवाज साध्या आवाजात म्हणा: आ, ऊ, ई, श, स, म. मुलाने प्रत्येक आवाज परत म्हणायचा. फक्त ‘स’ आणि ‘श’ गळत असतील तर वरच्या पट्टीचा भाग पोहोचत नाही, ‘म’ आणि ‘ऊ’ गळत असतील तर खालचा. आधी बॅटरी बदला, मग माइकची जोडणी बघा, आणि तरीही तेच आवाज गळत राहिले तर त्याच दिवशी पालकांना कळवा.